बिलाचा ताळा आपला आपण
उसाच्या हिशेबातली सहा गणिते, पायरी पायरीने



गळीत हंगाम चालू झाला की गट ऑफिसात, सोसायटीच्या ओट्यावर आणि बाजारच्या दिवशी चहाच्या टपरीवर एकच विषय निघतो. "काय आबा, बिल आलं का? बरोबर आहे ना?" आणि त्यावर बहुतेक वेळा ठरलेले उत्तर येते, "असेल बुवा. कारखान्यानं काढलंय म्हणजे बरोबरच असेल." दुसरा कोणी म्हणतो, "छे, यात काहीतरी गोम आहे." गंमत अशी की या दोघांनीही कागद-पेन्सिल घेऊन ताळा केलेला नसतो. एकाचा विश्वास आंधळा, दुसऱ्याचा संशय आंधळा.

सहकारी कारखान्याचा सभासद हा नुसता ऊस घालणारा नव्हे, तो मालक आहे. वार्षिक सभेत अहवाल त्याच्यापुढे ठेवतात तो त्याने वाचून, समजून हात वर करावा म्हणून. लोणीला १९५० च्या अखेरीस प्रवरेच्या कारखान्याची चाके फिरली, तेव्हा अध्यक्षपदी धनंजयराव गाडगीळ यांच्यासारखा आकड्यांत मुरलेला अर्थशास्त्रज्ञ होता आणि त्यांच्या बरोबरीने विठ्ठलराव विखे पाटलांसारखा शेतकरी होता. सहकाराला दोन्ही लागतात, मातीही आणि हिशेबही.

आपल्या नाशिक जिल्ह्याला तर गणिताची लाज वाटायचे काहीच कारण नाही. देवळालीच्या शाळेत मास्तर असलेले दत्तात्रय रामचंद्र कापरेकर (१९०५ ते १९८६) यांचे नाव जगभरच्या गणितज्ञांना ठाऊक आहे. त्यांच्याजवळ मोठी प्रयोगशाळा नव्हती की मोठी पदवी नव्हती. कागद, पेन्सिल आणि एकेक पायरी नीट लिहायची सवय, एवढ्यावर त्यांनी काम केले. त्यांच्याविषयी शेवटी सांगू. त्यांची सवय तेवढी आत्ताच उसनी घेऊ : पायरी गाळायची नाही आणि ताळा केल्याशिवाय उठायचे नाही.

खालच्या गणितांतले वजनाचे, उताऱ्याचे आणि तोडणी-वाहतुकीचे आकडे उदाहरणासाठी धरलेले आहेत. आपल्या पावतीवरचे आकडे त्या जागी घालून गणित पुन्हा करावे. सरकारी दर मात्र खरे आहेत.

गणित पहिले : काटा

काटा पावतीवर तीन आकडे असतात. भरलेल्या गाडीचे वजन, रिकाम्या गाडीचे वजन आणि निव्वळ उसाचे वजन. समजा,

भरलेला ट्रॅक्टर, ट्रॉल्यांसह : २७,४६० किलो
रिकामा : ८,९४० किलो
वजाबाकी : १८,५२० किलो, म्हणजे १८.५२० टन.

इथे गणित सोपे आहे, पाहायचे वेगळेच आहे. वजनातली चूक दोन तऱ्हेची असते. एक चूक कधी इकडे, कधी तिकडे जाते. काटा दहा-दहा किलोच्या टप्प्याने आकडा दाखवत असेल, तर एखाद्या खेपेला चार किलो जास्त लागतील, एखाद्याला तीन कमी. वीस खेपांत ही चूक बरीचशी एकमेकींत जिरून जाते. दुसरी चूक मात्र एकाच बाजूची असते. समजा, रिकाम्या गाडीचे वजन दरवेळी न घेता जुनेच धरले आणि ते ४० किलोने जास्त निघाले. मग प्रत्येक खेपेला ४० किलो ऊस कमी लागणार. वीस खेपांना ८०० किलो. ही चूक जिरत नाही, साठत जाते.

म्हणून एखाद्या पावतीत पाच-दहा किलोचा फरक वाटला तर त्यावरून वाद घालण्यात अर्थ नाही. रिकामे वजन प्रत्येक खेपेला घेतले जाते की नाही, एवढे मात्र डोळ्यांत तेल घालून पाहावे. सगळ्या पावत्या एका दाभणात ओवून ठेवाव्यात आणि त्याच गाडीची रिकामी वजने एकाखाली एक लिहून पाहावीत. तीच तीच संख्या वारंवार दिसली तर विचारावे.

गणित दुसरे : दर

रास्त आणि किफायतशीर दर, म्हणजे आपल्या बोलण्यातली एफआरपी, २००९-१० च्या हंगामापासून आली. त्याआधी किमान वैधानिक किंमत होती. २०२५-२६ च्या हंगामासाठी केंद्र सरकारने ठरवलेला दर असा : १०.२५ टक्के उताऱ्याला क्विंटलला ३५५ रुपये. त्यापुढे उताऱ्याच्या प्रत्येक ०.१ ला ३ रुपये ४६ पैसे वाढ. उतारा कमी असेल तर त्याच मापाने घट, पण ९.५ च्या खाली गेला तरी दर ३२९ रुपये ५ पैशांखाली येत नाही.

उतारा म्हणजे काय, तर १०० किलो उसातून किती किलो साखर निघाली. १०.२५ म्हणजे टनामागे १०२ किलो ५०० ग्रॅम.

समजा, हिशेबाला धरायचा उतारा १०.८५ आहे.

पायरी १. फरक : १०.८५ वजा १०.२५ = ०.६०
पायरी २. ०.१ चे टप्पे किती : ६
पायरी ३. वाढ : ६ × ३.४६ = २०.७६ रुपये
पायरी ४. क्विंटलचा दर : ३५५ + २०.७६ = ३७५.७६ रुपये
पायरी ५. टनाचा दर : ३,७५७.६० रुपये
पायरी ६. तोडणी-वाहतूक समजा टनाला ९०० रुपये. वजा जाता : २,८५७.६० रुपये
पायरी ७. पहिल्या गणितातली खेप : २,८५७.६० × १८.५२० = ५२,९२२ रुपये ७५ पैसे.

यातली सहावी पायरी अनेकांच्या लक्षात राहत नाही. एफआरपी ही कारखान्याच्या दारातली किंमत आहे. महाराष्ट्रात तोड आणि वाहतूक कारखाना करतो आणि तो खर्च त्यातून वजा होतो. म्हणून वर्तमानपत्रातला दर आणि खात्यावरचा दर यांत फरक दिसला की लगेच ओरड करू नये. पण वजावट टनाला किती रुपये बसली आणि ती कशी काढली, हा प्रश्न जरूर विचारावा. तो मालकाचा हक्क आहे.

आणखी एक. उतारा १०.२५ वरून १०.८५ झाला तर तो "अर्धा-पाऊण टक्का वाढला" असे आपण बोलतो. बोलायला ठीक आहे. पण १०.२५ च्या मानाने ०.६० ही वाढ शेकडा ५.८५ इतकी आहे, आणि दरातली वाढसुद्धा बरोबर तेवढ्याच प्रमाणात, म्हणजे ३५५ वर २०.७६, शेकडा ५.८५ आहे. हा झाला ताळा. "अर्धा टक्का म्हणजे काय मोठंसं" असे म्हणणाऱ्याला हे गणित दाखवावे.

गणित तिसरे : सरासरी उतारा

कारखान्याच्या फळ्यावर दोन उतारे लिहिलेले असतात, "आजचा" आणि "आजअखेर". आजचा उतारा वर-खाली होतो. हिशेबात जमेला धरायचा तो हंगामाचा एकूण उतारा. आता तो कसा काढायचा?

समजा तीन महिन्यांचे गाळप असे :

पहिला महिना : ५०,००० टन, उतारा ९.४
दुसरा महिना : १,००,००० टन, उतारा १०.६
तिसरा महिना : १,००,००० टन, उतारा ११.२

बरेच जण काय करतात? तीन उतारे मिळवतात, ३१.२ येतात, तीनने भागतात आणि १०.४ म्हणून मोकळे होतात. हे चुकीचे आहे. पहिल्या महिन्यात निम्माच ऊस गाळला, त्याला इतर महिन्यांइतका मान कसा द्यायचा? खरे उत्तर साखरेच्या पोत्यांत आहे.

पायरी १. पहिल्या महिन्याची साखर : ५०,००० चे शेकडा ९.४ = ४,७०० टन
पायरी २. दुसऱ्याची : १०,६०० टन
पायरी ३. तिसऱ्याची : ११,२०० टन
पायरी ४. एकूण साखर : २६,५०० टन
पायरी ५. एकूण ऊस : २,५०,००० टन
पायरी ६. उतारा : २६,५०० भागिले २,५०,०००, गुणिले १०० = १०.६

१०.४ आणि १०.६. फरक दोन टप्प्यांचा. क्विंटलला ६ रुपये ९२ पैसे, टनाला ६९ रुपये २० पैसे. अडीच लाख टनांवर हा फरक होतो १ कोटी ७३ लाख रुपयांचा. सरासरी कशी काढली, एवढ्याशा गोष्टीवर एवढी रक्कम इकडची तिकडे होते! म्हणून कोणी सरासरी सांगितली की आधी विचारावे, "कशावरून काढली? टनांचा भार धरला का?"

उसाचा रस किंवा बी-हेवी मळी इथेनॉलकडे वळवली असेल, तर त्यातली साखर पोत्यांत दिसत नाही. ती हिशेबात परत मिळवूनच उतारा ठरवावा लागतो. अहवाल वाचताना तो आकडाही शोधावा.

आता नेहमीची तक्रार. "माझा ऊस चांगला पक्व, शेजाऱ्याचा कोवळा, मग दर सारखा का?" गव्हाणीत पडलेला ऊस एकत्र पिळला जातो, रस एकत्र होतो, म्हणून दरही एकत्र. पण याचा अर्थ असा की कोवळा ऊस घुसवला तर त्याचा भुर्दंड सगळ्यांनाच. वरच्या अडीच लाख टनांतला दहावा हिस्सा, २५,००० टन ऊस, १०.६ ऐवजी ९.६ चा आला, तर साखर २५० टनांनी घटेल. एकूण उतारा १०.५ होईल आणि प्रत्येक सभासदाच्या प्रत्येक टनामागे ३४ रुपये ६० पैसे कमी होतील. ओळख काढून नंबर आधी लावून घेणाऱ्याने हे ध्यानात घ्यावे. तो आपल्याच घरातून काढून घेत असतो.

गणित चौथे : यंदा दर किती वाढला?

"दर २० रुपयांनी वाढला" अशी बातमी येते. वाढला, पण कोणत्या उताऱ्याला? २०१७-१८ ला दर होता ९.५ उताऱ्याला २५५ रुपये, पुढच्या प्रत्येक ०.१ ला २ रुपये ६८ पैसे. २०१८-१९ ला झाला २७५ रुपये, पण १० टक्के उताऱ्याला. म्हणजे पायाच वर सरकला. दोन रास मोजायच्या तर माप एकच हवे. आपण दोन्ही वर्षांचा दर १० टक्के उताऱ्याला काढू.

२०१७-१८ : ९.५ पासून १० पर्यंत ५ टप्पे. ५ × २.६८ = १३.४०. दर २६८.४०.
२०१८-१९ : २७५.००.
खरी वाढ : ६ रुपये ६० पैसे. वीस नव्हे.

असेच २०२२-२३ ला झाले. २०२१-२२ ला १० टक्क्यांना २९० रुपये आणि टप्प्याला २ रुपये ९० पैसे होते, तर २०२२-२३ ला १०.२५ ला ३०५ रुपये. दिसायला वाढ १५ रुपयांची. सरळ प्रमाण धरून खरी वाढ किती, ते वाचकांनी काढावे. उत्तर ७ रुपये ७५ पैसे यायला हवे.

सरकारला नावे ठेवण्यासाठी हे सांगत नाही. कोणत्याही दोन आकड्यांची तुलना करताना माप एकच आहे का, हे आधी पाहावे, एवढेच सांगायचे आहे. एकरी उत्पन्न सांगतानाही हेच. आडसाली उसाचे सोळा-अठरा महिन्यांचे टनेज आणि सुरू उसाचे बारा महिन्यांचे टनेज शेजारी ठेवून "तुझ्यापेक्षा माझं जास्त" म्हणण्यात काय हशील? महिन्याला किती पडले ते काढा, मग बोला.

गणित पाचवे : उभ्या उसाचा अंदाज

तोड मागायची, खताचा-पाण्याचा जमाखर्च बसवायचा, मुलीच्या लग्नाचा बेत करायचा, तर ऊस किती निघेल याचा अंदाज लागतो. बांधावर उभे राहून "पन्नास तरी जाईल" असे म्हणण्यापेक्षा मोजून पाहावे.

पायरी १. एक गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट, एकर म्हणजे ४३,५६०. सरीतले अंतर ४ फूट असेल तर एकरात सरीची लांबी ४३,५६० भागिले ४ = १०,८९० फूट.

पायरी २. शेतात पाच जागा निवडाव्यात. कशा? चांगला दिसला तिथे नव्हे. सरींना नंबर द्यावेत, चिठ्ठ्या टाकून पाच सऱ्या काढाव्यात आणि किती पावले आत जायचे तेही चिठ्ठीनेच ठरवावे.

पायरी ३. प्रत्येक जागी १० फूट सरीतले गाळपालायक ऊस मोजावेत. समजा निघाले ३४, ४१, २९, ३८, ३३. बेरीज १७५, सरासरी ३५. फुटाला साडेतीन.

पायरी ४. एकरी ऊस : १०,८९० × ३.५ = ३८,११५.

पायरी ५. प्रत्येक जागचे सलग पाच ऊस, जाडे-बारके न निवडता, वाढे आणि पाचट काढून वजन करावे. समजा २५ उसांचे ३० किलो. एकाचे १.२ किलो.

पायरी ६. ३८,११५ × १.२ = ४५,७३८ किलो. म्हणजे एकरी पावणेशेहेचाळीस टन.

आता दुसऱ्या जागेवर ४१ ऊस निघाले आहेत. समजा ती बांधाकडेची जागा. तिथे उसाला ऊन-वारा जास्त मिळतो, ऊस जोमदार येतो. तेवढीच जागा पाहून अंदाज केला असता तर एकरी साडेत्रेपन्न टन आले असते! एकरामागे जवळजवळ आठ टनांचा फसवा आनंद.

हा फसवेपणा फार जुना आहे आणि तो उघड करणाऱ्यांत आपलाच एक माणूस होता. सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे पांडुरंग वासुदेव सुखात्मे (जन्म १९११) यांनी १९४० च्या दशकात भारतीय कृषी संशोधन परिषदेत असताना पीक कापणीच्या प्रयोगांत दाखवून दिले की तुकडा फार लहान घेतला तर उत्पन्नाचा अंदाज वर जातो. कारण असे की हद्दीवरची झाडे मोजणाऱ्याच्या हातून नकळत आत घेतली जातात, आणि तुकडा जितका लहान तितकी हद्द त्याच्या मानाने मोठी. सुखात्मे पुढे संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेत रोमला संख्याशास्त्राचे प्रमुख झाले. आपण त्यांच्यापासून एवढे घ्यावे : दहा फुटांची दोरी ताणली की एका टोकावर आलेले बेट मोजावे, दुसऱ्या टोकावर आलेले सोडावे. दोन्ही आत घेऊ नयेत.

आता शेवटचा प्रश्न. पावणेशेहेचाळीस टन हा आकडा किती पक्का?

सरासरीपासूनचे फरक : उणे १, अधिक ६, उणे ६, अधिक ३, उणे २.
त्यांचे वर्ग : १, ३६, ३६, ९, ४. बेरीज ८६.
जागा पाच, एक कमी करून चार. ८६ भागिले ४ = २१.५.
वर्गमूळ : सुमारे ४.६. शेतातला ऊस जागोजाग एवढा कमी-जास्त आहे.
पाचाचे वर्गमूळ २.२४. ४.६ भागिले २.२४ = सुमारे २. सरासरीतली चूक साधारण एवढी.

ढोबळ नियम असा की याच्या दुप्पट इकडे-तिकडे धरावे. पाचच जागा असल्या तर खरे म्हणजे थोडे जास्तच, पण घरच्या कामाला हे चालते. म्हणजे दहा फुटांत ३५ नव्हे, ३१ ते ३९ ऊस. एकरी साडेचाळीस ते एक्कावन्न टन. वजनातली चूक यात धरलेलीच नाही. तेव्हा बँकेचा हप्ता आणि लग्नाचा खर्च चाळीस टनांवर बसवावा, पन्नासावर नव्हे. वर निघाला तर आनंदच आहे.

चूक निम्मी करायची असेल तर जागा दुप्पट करून भागत नाही, चौपट कराव्या लागतात. पाचाच्या वीस. दोन भाऊ मिळून एका सकाळीत वीस जागा मोजता येतात. एक मोजेल, एक लिहील.

गणित सहावे : टक्का चढताना आणि उतरताना

लागणीला ५० टन गेले, खोडव्याला ४०. घट १० टनांची, शेकडा २०. आता खोडवा परत ५० वर न्यायचा तर वाढ शेकडा २० पुरेल का? ४० चे शेकडा २० म्हणजे ८. ४८ च झाले. वाढ लागेल शेकडा २५. टक्का उतरतो तेव्हा मोठ्या आकड्यावरून उतरतो, चढतो तेव्हा छोट्या आकड्यावर चढतो.

आणि व्याज. ऊस नियंत्रण आदेश, १९६६ प्रमाणे ऊस पोचल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यायचे असतात. उशीर झाला तर त्यावर दसादशे १५ टक्के व्याज. कारखान्याच्याच मुखपत्रात हे कशाला छापायचे, असे कोणी म्हणेल. आम्हाला वाटते, इथेच छापायला हवे. दुसऱ्या गणितातले ५२,९२२ रुपये ७५ पैसे समजा मुदतीनंतर ३० दिवसांनी आले.

वर्षाचे व्याज : ७,९३८ रुपये ४१ पैसे
दिवसाचे : भागिले ३६५, २१ रुपये ७५ पैसे
तीस दिवसांचे : ६५२ रुपये ४७ पैसे.

दिवसाचे पावणेबावीस रुपये एका खेपेला. हंगामात ज्याच्या वीस खेपा, त्याचे दिवसाला ४३५ रुपये. उशीर म्हणजे नुसती गैरसोय नव्हे, ती रक्कम आहे आणि ती मोजता येते. संचालकांनाही ती मोजता आली पाहिजे.

शेवटी, घरातल्या पोरांसाठी

कापरेकर मास्तरांचे राहिले. १९४९ साली त्यांना एक चमत्कारिक आकडा सापडला, ६१७४. सगळे अंक सारखे नसलेली कोणतीही चार अंकी संख्या घ्या. अंक मोठ्याकडून लहानाकडे मांडा, मग लहानाकडून मोठ्याकडे, आणि वजा करा. आलेल्या उत्तरावर पुन्हा तेच. उदाहरणार्थ ३५२४ :

५४३२ वजा २३४५ = ३०८७
८७३० वजा ०३७८ = ८३५२
८५३२ वजा २३५८ = ६१७४

आणि ६१७४ वर हेच केले तर पुन्हा ६१७४ च. फार तर सात पायऱ्यांत प्रत्येक संख्या इथे येऊन थांबते. १९७५ साली अमेरिकेतल्या 'सायंटिफिक अमेरिकन' मासिकात मार्टिन गार्डनर यांनी कापरेकरांवर लिहिले आणि देवळालीचे मास्तर जगाला माहीत झाले. संख्यांच्या एका प्रकाराला त्यांनी नावच "देवळाली संख्या" असे दिले होते. गावाचे नाव असे आकड्यांत कोरून ठेवणारा दुसरा कोण सापडेल?

रात्री जेवणे झाल्यावर पोरांना हे गणित घालावे. सात पायऱ्यांत ६१७४ आले नाही तर वजाबाकी कुठेतरी चुकली, हे पोरगे आपले आपण शोधील. त्याची वही संपली की त्याच दिव्याखाली आपली काटा पावती आणि बिल काढावे, आणि त्यालाच म्हणावे, "बाळा, एवढा गुणाकार करून दे रे."

ताळा जुळला तर निर्धास्त झोपावे. जुळला नाही तर कागद घेऊन गट ऑफिसात यावे आणि कोणत्या पायरीवर अडले ते बोट ठेवून दाखवावे. तिथल्या माणसाने उत्तर द्यायलाच हवे, कारण कारखाना तुमचा आहे.